दोन वाट्यांचा पिक्चर

एका आजारी बाईला मी पिक्चरचा खरा शेवट सांगितला. तिनं तो विचारला नव्हता. तिचा नवरा शेजारी बसून तिला वेगळाच शेवट सांगत होता, तो चुकत होता, म्हणून मी दुरुस्त केला. जन्मभर शाळेत भूगोल शिकवल्यावर माणसाचं असं होतं. दुसऱ्याचं काही चुकलं, तर त्यात आपलं काय जातंय, हा प्रश्न डोक्यात यायच्या आधीच हात वर झालेला असतो.

ती बाई म्हणजे शिवलीलाअक्का आणि तिचा नवरा म्हणजे मल्लिनाथअण्णा. होटगी रोडच्या आमच्या इमारतीत ते तळमजल्यावर राहायचे आणि मी बरोब्बर त्यांच्या डोक्यावर. अण्णांचं मंगळवार पेठेत काळ्या तिखटाचं आणि शेंगाचटणीचं दुकान होतं. दुकान त्यांनी पुतण्याकडं दिलं, पण वास काही पुतण्याकडं गेला नाही. पांढराफेक शर्ट, कपाळावर विभूतीचे पट्टे आणि अंगाला कायमचा तिखटाचा दर्प. थिएटरात अण्णा येऊन बसले की पुढच्या रांगेत कुणीतरी शिंकायचंच. करुण प्रसंगाला आमच्या आसपासचे लोक जरा जास्तच रडतात, हे मी नीट पाहून ठेवलं होतं.

अण्णांना पिक्चरचे शौकीन म्हणता येणार नाही. एकाही नटाचं नाव त्यांना धड सांगता यायचं नाही. "तो नाकाचा", "ती मागल्या खेपंला मेली ती", अशी त्यांची ओळख. शुक्रवारी जो लागला असेल तो, बाराच्या खेळाला. मत मात्र प्रत्येकावर ठाम. आणि ते मत पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, अण्णांना भूक लागली आहे.

"कसा वाटला, अण्णा?"

"दीड वाटी."

"म्हणजे?"

"दीड वाटीच्या वर जात न्हाय हा. रेटून बगतो."

वाटी म्हणजे त्यांच्या स्वयंपाकघरातली स्टीलची वाटी, आणि वाटीत ज्वारीची आंबील, नाहीतर वरणात घोटलेला भात. अक्कांना अर्धांगवायूचा झटका आला, त्यात उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. डोकं शाबूत राहिलं, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट. गिळता येत होतं, पण तोंडच उघडायच्या नाहीत. दवाखान्यात नाकातून नळी घातली, ती त्यांनी डाव्या हातानं उपसून काढली. पुन्हा घातली, पुन्हा काढली. मग तिथल्या नर्सनं तो चांगला हात पट्टीनं खाटेच्या दांडीला बांधून टाकला. अण्णा खालून चहा पिऊन आले, तर समोर हे. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, तोंडानं पोटात गेलं तर ठीक, नाहीतर पुन्हा नळी. नळी म्हणजे पुन्हा पट्टी, हे डॉक्टर बोलले नाहीत, पण अण्णांना ते ऐकू आलं.

"हात बांधून घालायला ती काय जनावर हाय व्हय, मास्तर?" अण्णा मला एकदाच म्हणाले. तो विषय पुन्हा त्यांनी काढला नाही आणि मीही काढला नाही. माझ्या हातून न झालेल्या चुकांची यादी लहान आहे, त्यात ही एक.

घरी आल्यावरही अक्कांचं तोंड मिटलेलंच. "बाय तगी, बाय तगी," अण्णा कानडीत विनवायचे, तोंड उघड. एका दुपारी विनवून विनवून दमल्यावर, दोघांनी लग्नानंतर बघितलेला कुठलातरी पिक्चर ते आठवेल तसा बडबडायला लागले. नायक घर सोडून स्टेशनवर जातो, इथवर आले आणि पुढचं आठवेना म्हणून थांबले. तेव्हा, झटक्यानंतर पहिल्यांदाच, अक्का बोलल्या.

"मुंद?"

म्हणजे, पुढं? आणि पुढचं ऐकायला तोंड जरासं उघडं राहिलं. अण्णांनी त्यात चमचा घातला.

तेवढा एकच शब्द अक्कांजवळ उरला होता. जुने पिक्चर सांगून संपले तेव्हा अण्णा नवे बघायला निघाले. सोबतीला मला घेतलं. मी निवृत्त झालेला, घरात माझी अडचण व्हायची, आणि हे माझ्या बायकोनं त्यांना जिन्यात सांगितलेलं होतं.

आता अण्णांची मतं. मारामारीचा पिक्चर पाव वाटी. "ह्यानं त्याला हानलं, त्यानं ह्याला हानलं. पडद्यावर लई वेळ चालतंय, पण सांगायला घेतलं की एका घासात खलास. 'मुंद?' म्हनती. आता मुंद काय, परत हानलं." प्रेमाचा बरा, दोन वाट्या, कारण त्यात गाणी असतात. गाणं आलं की "हितं गाणं हाय," असं म्हणून अण्णा चमचा खाली ठेवायचे आणि पाणी पाजायचे. इंटरवलला अक्कांची कूस बदलायची. इतिहासाचा अजिबात नको: "पुढं काय हुनार ते तिला शाळंपासनं म्हाईत हाय. मग मुंद कशाला म्हनंल?" एकदा अवकाशयानाचा पिक्चर बघून आलो, तेव्हा मला वाटलं, आता अण्णा अडकले. पण त्यांनी ते यान अक्कांच्या माहेरच्या एसटीसारखं सोडलं. अक्कलकोटच्या अलीकडं बंद पडलं, माणसं उतरली, सगळ्यांनी ढकललं, एक म्हातारी तेवढी आत बसून राहिली. दीड वाटी गेली.

भुताचा सगळ्यात वरचढ. भीतीनं तोंड आपोआप उघडं राहतं. भुताच्या पिक्चरला अण्णा असे खुशीत बसायचे की शेजाऱ्यानं पडद्याऐवजी त्यांनाच घाबरावं. पोरीबाळी किंचाळल्या की हे समाधानानं मान डोलवणार, आणि माझ्या कानाशी लागून म्हणणार, "हितं वाटी संपली बगा."

विनोदी पिक्चर मात्र बंद. तो एकदाच सांगितला. अण्णा सांगत होते आणि त्यांच्याकडून एक विनोद निसटला, तो मीच मध्ये तोंड घालून पुरवला. अक्का हसल्या. अर्ध्या तोंडानं, वाकडं, पण खरंच हसल्या, आणि घास तोंडात होता. आधी ठसका, मग आवाजच बंद, मग ओठ निळे पडले. अक्कांजवळ बसायला येणाऱ्या लक्ष्मीबाईंनी त्यांना वाकवून पाठीत असे दणके घातले की घास उडून चादरीवर पडला. अण्णा भिंतीला पाठ लावून उभे होते, चमचा हातात तसाच.

लक्ष्मीबाई तेलुगू, अशोक चौकाकडच्या. दम खात माझ्याकडं वळून म्हणाल्या, "तुम्ही कशाला येता ओ मास्तर? वर तुमचं घर हाय ना?"

त्यानंतर विनोदी पिक्चरचं पोस्टर दिसलं की अण्णा रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं चालायचे, चावणारं कुत्रं असल्यासारखे.

थिएटरात अण्णांची बसायची जागा दाराजवळची, कडेहून दुसरी; कडेला मी. ऐन रंगात आलेला प्रसंग सोडून ते मध्येच डोळे मिटून घेत आणि त्यांचे ओठ हलायला लागत. लोकांना वाटे, म्हातारा जप करतोय. ते घरी सांगायची तालीम करत असत. मग डोळे उघडून मला कोपरानं ढोसायचे.

"तिच्या अंगावर लुगडं कंच्या रंगाचं हुतं?"

"लक्ष नव्हतं, अण्णा."

"मग बगताय काय एवडं डोळं फाडून?"

अक्कांना रंग सांगावा लागे. रंग नाही सांगितला तर त्या डाव्या हातानं आपल्या चादरीचं टोक धरून नुसतं हलवत राहत.

आणि शेवट अण्णा कधीच बघत नसत. लक्ष्मीबाई तीनला दुसऱ्या घरी जायच्या, म्हणजे त्याआधी घर गाठायला हवं. पडद्यावर कुणाच्या छातीवर बंदूक रोखलेली असो की लग्नाचा अंतरपाट धरलेला असो, अण्णा उठायचे, मी गुडघे वर घ्यायचो, ते बाहेर पडायचे. शेवट ते गाडीवर, सात रस्त्याच्या सिग्नलला उभं राहून तयार करत. त्यांचा शेवट एकच होता. सगळे वाचतात, सगळ्यांची ओळख पटते आणि सगळे मिळून सिद्धेश्वराच्या जत्रेला, म्हणजे गड्ड्याला जातात. तिथं पाळण्यात बसतात, भजी खातात. दरोडेखोरसुद्धा सुधारून गड्ड्याला गेले. अवकाशातून परत आलेला तो शास्त्रज्ञही थेट गड्ड्याला. भूतसुद्धा एकदा गेलं, पण लांबून बघून परत आलं म्हणे.

मी थिएटरात शेवटपर्यंत बसणारा, नावं वर सरकून दिवे लागेपर्यंत. संध्याकाळी जिन्यात भेटलो की माझ्या पोटात तो शेवट उसळ्या मारायचा.

"अण्णा, शेवटी काय झालं माहितीय का..."

"सांगू नका. मला म्हाईत न्हाय, तोवर मी तिच्याशी खोटं बोलत न्हाय. कळलं की मग खोटं."

रहस्याच्या पिक्चरात तर खुनी कोण हे कळायच्या आधीच उठावं लागे. मग खुनी अण्णांनाच ठरवायला लागायचा. मधल्या काळात मी खाली गेलो की अक्का माझ्याकडं टक लावून बघायच्या, माझी पाठ फिरेपर्यंत. मला आपलं वाटायचं, माया जडली. मी रोज जायला लागलो, केळी न्यायला लागलो. शेवटी लक्ष्मीबाईंनीच उलगडा केला. अण्णांच्या प्रत्येक रहस्यात खुनी एकच निघायचा: टक्कल पडलेला, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेला, गोड बोलणारा मास्तर.

"तोंड आठवाय सोपं जातं," अण्णा म्हणाले. "त्यात काय एवडं मनाला लावून घ्यायचं?"

तर त्या शुक्रवारचा पिक्चर घरगुती होता. नवरा, बायको, बायकोला जीवघेणा आजार. अण्णा नेहमीसारखे उठून गेले. मी शेवटपर्यंत बसलो आणि चांगला रुमाल ओला केला. संध्याकाळी खाली गेलो तेव्हा अण्णा शेवटाला आले होते. वाटी निम्मी भरलेली. तेवढ्यात ऐकलं, "मग ती बाई खडखडीत बरी झाली, अन् दोगं गड्ड्याला गेली."

आणि मी म्हणालो, "अहो अण्णा, बरी कुठली! ती गेली. तुम्ही बाहेर पडलात आणि लगेच गेली."

चमचा हवेत राहिला. अण्णांनी माझ्याकडं पाहिलं नाही, ते वाटीत पाहत होते. मला कळलं काय झालं ते, आणि कळल्यावर शहाणा माणूस गप्प बसला असता. मी सावरायला गेलो. "म्हणजे, त्रास नाही झाला तिला. झोपेतच."

अक्कांनी मान माझ्याकडं वळवली.

"मुंद?"

मी अण्णांकडं बघितलं. अण्णा वाटीकडंच बघत होते. मग मी सांगितलं. माणसं आली, तिला नेलं. नवरा घरी आला. दाराशी तिच्या चपला तशाच होत्या. तो त्या चपलांकडं बघत उभा राहिला.

"मुंद?"

"पुढं नाही अक्का. तिथंच संपतो. नावं येतात."

अक्कांनी अण्णांकडं पाहिलं आणि आपणहून तोंड उघडलं. 'बाय तगी' म्हणावं लागलं नाही. राहिलेली वाटी गेली, आणि डाव्या हातानं त्यांनी वाटी पुढं सरकवली. आणखी. अण्णा स्वयंपाकघरात गेले, भांड्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. मी केळी टेबलावर ठेवून वर पळालो.

पुढं कितीतरी दिवस अण्णा माझ्याशी बोलले नाहीत. मग एकदा जिन्यात आडवे आले.

"मास्तर, ती आता गड्ड्याला जाईना."

"म्हणजे?"

"सगळी वाचली असं सांगितलं की तोंड मिटती. कुणीतरी मेल्याबिगर घास घेत न्हाय. मीच मारायला लागलोय आता एकेकाला." मग म्हणाले, "अन् मेल्यावरबी भागत न्हाय. मागं राह्यला त्याचं मुंद काय, ते पायजे तिला."

म्हणजे झालं असं, की पिक्चर आता शेवटाला संपेनात, शेवटापासून सुरू व्हायला लागले. बायको गेली, नवरा राहिला. मुंद? दुकानावर जायला लागला. तोंड उघडलं. मुंद? जेवायला शेजाऱ्याकडून डबा आणायला लागला. तोंड मिटलं. बरं, डबा नको; लेकीकडं गेला राहायला. मिटलेलंच. मग अण्णांनी नाइलाजानं सांगितलं, तो स्वतः भाकरी करायला शिकला. अक्कांनी तोंड उघडलं नाही. डोळ्यांनी स्वयंपाकघराकडं बोट दाखवावं, तसं बघत राहिल्या.

मी खाली गेलो तेव्हा दार उघडं होतं. अण्णा ओट्याशी उभे, विभूतीवर पीठ, पिठावर घाम. परातीत अक्कलकोट तालुक्याच्या नकाशासारखं काहीतरी पडलेलं. लक्ष्मीबाईंनी अक्कांना उशा लावून, ओटा दिसेल असं बसवलं होतं. अण्णांनी ते तव्यावर टाकलं, फाटलं. दुसरं थापलं, तेही फाटलं. अक्का बघत होत्या. त्या दिवशी हसल्या नाहीत. मी, काहीतरी मदत करावी म्हणून, पीठ जरा सैल झालंय असं म्हणालो. अण्णांनी माझ्याकडं उलथनं रोखलं, आणि मी जिना चढलो.

पुढच्या काही आठवड्यांत खालून भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला. आधी अडखळत, मग एका लयीत. चोळीचे खण कुणाला द्यायचे, देवघरात कोण बसणार, खाट ठेवायची की काढायची, हे सगळं त्या खोलीत पिक्चरमधल्या कुठल्या कुठल्या नवऱ्यांच्या नावावर ठरत गेलं. अण्णांचं वजन उतरलं. अक्का मात्र जेवत होत्या.

"तुमी तोंड उगडलं, अन् तिनंबी उगडलं," अण्णा मला एकदा म्हणाले. "आता तुमाला शिव्या तरी कशा घालू? पन घालाव्या वाटतात."

अक्का गेल्या त्या एका शनिवारी सकाळी, दुसऱ्या झटक्यानं. नळी लागली नाही, हात मोकळा होता. आदल्या दिवशीचा पिक्चर भुताचा होता आणि अण्णांनी तो इंटरवलपर्यंतच सांगितला होता. उरलेला सकाळच्या वाटीला ठेवला होता. त्यांच्यात पुरतात; पुरून परत आल्यावर लोक पांगले. अण्णांनी परात काढली, दोन भाकऱ्या केल्या, एक बार्शीहून आलेल्या लेकीपुढं ठेवली आणि दुसरी स्वतः खाल्ली. लेक रडत होती. अण्णा चावत होते, सावकाश, ऐकू येईल असं. मी समोर बसलो होतो.

त्यानंतर अण्णा थिएटरकडं फिरकले नाहीत. पुढं लेकीनं बार्शीला न्यायचं ठरवलं तेव्हा नाही म्हणाले. हितं भाकरी येती मला, म्हणाले. आणि मग एका शुक्रवारी खालून हाक आली, "मास्तर, येताय का?"

तीच दाराजवळची जागा. पिक्चर बरा होता की वाईट, मला सांगता येणार नाही, मी पडद्यापेक्षा त्यांच्याकडंच जास्त बघत होतो. ओठ हलत नव्हते. कोपरानं ढोसलं नाही. नायिकेचं लुगडं जांभळं होतं. मी मुद्दाम लक्षात ठेवलं होतं, कुणी विचारलं नाही. नेहमीची उठायची वेळ झाली आणि सवयीनं मी गुडघे वर घेतले. अण्णा उठले नाहीत. मी तसाच गुडघे पोटाशी धरून बसलो.

शेवट झाला. कुणीतरी गेलं, कुणीतरी राहिलं. नावं वर सरकायला लागली, दिवे लागले, माणसं गेली. झाडूवाला वरच्या रांगेपासून मक्याच्या लाह्या लोटत खाली यायला लागला. अण्णा कोऱ्या पडद्याकडं बघत बसले होते, मान थोडी पुढं काढून, अजून काही दाखवायचं राहिलंय अशासारखे. तिखटाचा वास जवळजवळ गेला होता, हे मला तेव्हा जाणवलं.

शांतता मला सोसत नाही. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि विचारलं,

"किती वाट्या, अण्णा?"

झाडू आमच्या रांगेशी येऊन थांबला. अण्णांनी माझ्याकडं सावकाश मान वळवली.

"मास्तर," ते म्हणाले, "तुमी आपलं शेवटाच्या आदी उटून जात जावा."